वैशाखातलं नागपूर आणि आमच्या गाडीचं तेल

मे महिन्यात सांगलीहून नागपूरला मोटारसायकलवरून निघालेलं जोडपं बघून आमच्या गल्लीत दोन मतं पडली होती. एक, माझ्या ह्यांना वेड लागलं आहे. दुसरं, वेड मला लागलं आहे आणि ते निस्तरावं ह्यांना लागतं आहे. दुसरं मत बरोबर होतं.

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. वीस वर्षं नकाशावर छडी ठेवून 'हा विदर्भ, इथे काळी जमीन, इथे कापूस, इथे संत्री' असं सांगत आले. एका वर्षी एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलंय?" मी खोटं बोलले नाही, पण मला लाज वाटली. तेव्हापासून दर मेच्या सुट्टीत आम्ही दोघं गाडीवरून कुठं ना कुठं जातो आणि जूनमध्ये मी वर्गात पाहिलेलं सांगते. कोकण झालं, बेळगाव-धारवाड झालं, गोदावरीच्या कडेकडेनं पैठणही झालं. रेल्वेनंही जाता येतं, पण रेल्वे तुम्हाला गावात नेऊन टाकते. दोन गावांच्या मधली जमीन दाखवावी तर गाडीनंच.

गाडी विलायती, एका सिलिंडरची, लढाईनंतर लष्करानं मोडीत काढली होती तेव्हा सासऱ्यांनी घेतलेली. हल्ली ती उन्हात तापायची आणि ह्यांच्या कमरेला तिची किक झेपेनाशी झाली होती. वखारवाल्या आण्णांकडे तसलीच एक पडून होती; सुटे भाग मिळतील म्हणून ते आमची मागत होते. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं आणि ह्यांच्या मनात स्कूटरसाठी नाव नोंदवायचं होतं. स्कूटरवरून मंडईत जाता येतं, नागपूरला नाही. म्हणजे माझं फिरणं संपलं. मी सरळ पैज लावली. गाडीनं नागपूरला जावं आणि स्वतःच्या चाकांवर सांगलीला परत यावं. आली, तर विकायची नाही. वाटेत ट्रकमध्ये चढवावी लागली, तर आल्या दिवशी आण्णांच्या वखारीत. ह्यांनी पैज घेतली. त्यांना विदर्भाचा उन्हाळा ऐकून माहीत होता, मला फक्त नकाशावरून.

सोलापूर, लातूर, नांदेड असे तीन मुक्काम करून आम्ही यवतमाळ ओलांडलं तोवर माझी पैज निम्मी जिंकून झाली होती आणि मी ते बोलूनही दाखवत होते. सागाची पानं झडलेली रानं, नांगरून उलथून टाकलेली काळी जमीन, मधूनच एखादा हिरवागार कडुनिंब. दहा वाजल्यानंतर मात्र वारा सुटला. त्याला इकडे लू म्हणतात. चुलीचं तोंड उघडं ठेवून कुणी समोर बसवावं तसा तो तोंडावर येतो. वर्ध्याच्या एका चहावाल्यानं माझ्या हातात न विचारता दोन कांदे दिले आणि ते दोघांच्या खिशात ठेवायला सांगितले. कांदा खिशात असला की लू लागत नाही म्हणे. ह्यांनी विचारलं, गाडीच्या खिशात ठेवायला एखादा आहे का? तो हसला नाही. म्हणाला, गाडीला लू आमच्यापेक्षा आधी लागते.

बुटीबोरी यायच्या अलीकडे गाडीला लू लागली. इंजिनाचा आवाज आखडला, मागचं चाक किरकिरून घासलं आणि ह्यांनी झटकन क्लच दाबला म्हणून आम्ही पडलो नाही. पिस्टन धरला होता. एका बाभळीच्या विरळ सावलीत आम्ही तास-दीड तास बसून राहिलो. इंजिन गार झालं तशी पिस्टननं पकड सोडली, आणि पुढचे पंधरा-सोळा मैल आम्ही बैलगाडीच्या चालीनं काढले. ह्यांनी एक शब्दही बोलून दाखवला नाही. जिंकत आलेला माणूस फार सभ्य वागतो.

नागपुरात माझी मावसबहीण शकूताई राहते. तिचे यजमान रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आहेत, त्या आठवड्यात ते दौऱ्यावर होते. लग्नानंतर वीस वर्षांत ताईची भाषा पार नागपुरी झाली आहे. दारात आमची काळीठिक्कर तोंडं बघून ती म्हणाली, "काहून वं सुमे, सांगलीच्या रेल्वे बंद पडल्या का?" आणि आम्ही काही बोलायच्या आत तिनं आम्हाला कूलरपुढे नेऊन बसवलं.

हा कूलर म्हणजे नागपूरकरांचं खरं उन्हाळी दैवत. खिडकीबाहेर लोखंडी पेटी, तिच्या तिन्ही बाजूंना खसाच्या (खस म्हणजे आपला वाळा) ताट्या, त्यावर ठिबकणारं पाणी आणि आत पंखा. बाहेरची लू त्या ओल्या ताटीतून आत येते ती गार आणि सुगंधी होऊन. मी त्यापुढे बसले आणि मला वाटलं, स्वर्गात असाच वास असणार. ताईचं तर ठाम मत होतं की जगातली कुठलीही तापलेली गोष्ट ओल्या खसापुढे ठेवली की निवते. डोकं, ताप, दही, भांडलेली जाऊ. तिच्या माठाभोवती खस होतं, उशीत खस होतं, देवघराच्या खिडकीतही खस होतं.

जेवायला तिनं सांबारवड्या केल्या होत्या. सांबार म्हणजे इथे कोथिंबीर. मी वाटी घेऊन डाळ-सांबार वाढायची वाट बघत बसले आणि ताई हसून लोळली. जेवताना ह्यांनी जाहीर केलं की गाडी परत ट्रकनं पाठवू आणि आपण रेल्वेनं जाऊ. मी म्हणाले, पैज परतीची आहे, अजून परत निघालोच नाही. आधी एखाद्या मिस्त्रीला दाखवू. ह्यांनी मान्य केलं. सभ्य माणूस.

ताईनं मेश्राम मिस्त्रींचं नाव सांगितलं. ते वीस वर्षं लष्करात गाड्या दुरुस्त करून निवृत्त झाले होते आणि कामठी रोडला एका कडुनिंबाखाली त्यांचं दुकान होतं. आत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याशेजारी दीक्षेच्या दिवशीचा, पांढऱ्या कपड्यांतल्या कुटुंबाचा एक पिवळा पडलेला फोटो, आणि त्याखाली हत्यारं, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं. माझ्या वर्गातल्या मुली अशा कधी उभ्या राहत नाहीत.

मिस्त्रींनी गाडी बघितली आणि त्यांचा चेहरा ओळखीचं माणूस भेटल्यासारखा झाला. अशा गाड्या त्यांनी फौजेत शेकड्यानं हाताळल्या होत्या. त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण ते इतकं सोपं आहे की मलाही कळलं. या गाडीचं तेल इंजिनाच्या पोटात राहत नाही. सीटखाली त्याची वेगळी टाकी आहे. तिथून ते एका नळीनं इंजिनात जातं, काम करतं, तापतं आणि दुसऱ्या नळीनं टाकीत परत येतं. विलायतेत तेवढ्या फेऱ्यांत ते आपोआप निवतं. इथे वैशाखात निवत नाही. तेच तापलेलं तेल पुन्हा पुन्हा फिरतं, पाण्यासारखं पातळ होतं, आणि पातळ तेल पिस्टनला सांभाळत नाही.

उपाय त्यांच्या फळीवरच पडलेला होता. कामठीच्या डिस्पोजलमधून, म्हणजे लष्करी मोडीच्या लिलावातून आणलेला, कुठल्याशा जनरेटरचा, हातभर रुंद, तेल गार करायचा कूलर. तो म्हणजे नागमोडी तांब्याची नळी आणि तिच्यावर दाटीनं बसवलेल्या पातळ पत्र्याच्या पाकळ्या. तेल नळीतून जातं, वारा पाकळ्यांमधून. तो पुढच्या चाकामागं, इंजिनाच्या वर, फ्रेमला बसवायचा.

ह्यांना पटेना. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात नोकरी असल्यामुळे नळ्यांमधलं आपल्याला कळतं असा ह्यांचा समज आहे. म्हणाले, "इथला वाराच भाजतोय. भाजणाऱ्या वाऱ्यानं तेल गार कसं होणार?"

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "कढई चुलीवरून उतरवून अंगणात ठेवली तं थंडी होते का नाही, जी? अंगण गरम हाये, पण कढईपेक्षा थंडंच हाये ना. वारा गरम असला तरी चालते. वारा पाहिजे फक्त."

मला ते इतकं आवडलं की मी वहीत लिहून घेतलं. ह्यांनी दुसरी शंका काढली, की वाटेत एवढी नागमोडी नळी घातली तर तेलच अडकेल. मिस्त्री म्हणाले, म्हणूनच तो परतीच्या नळीवर बसवायचा, जाणाऱ्या नळीवर नाही. "कामावर जाणाऱ्याले अडवू नाही, साहेब. कामावरून येनाऱ्याले दोन मिनिटं सावलीत बसवलं तं कोनाचं काही बिघडत नाही."

पूर्ण दिवस ते काम चाललं आणि मी स्टूल टाकून सगळं पाहिलं. आधी त्यांनी कूलरमध्ये रॉकेल घालून तो हलवून हलवून धुतला, चार वेळा, पाचव्यांदा पडलेलं रॉकेल पांढऱ्या फडक्यावर स्वच्छ दिसेपर्यंत. मग एक तोंड बंद करून तो पाण्याच्या बादलीत बुडवला आणि दुसऱ्या तोंडातून फुंकलं. बुडबुडा आला नाही. फ्रेमला धरणाऱ्या पट्ट्यांच्या मध्ये रबराच्या चकत्या घातल्या, नाहीतर गाडीच्या थरथरीनं डाग उकलतो म्हणे. समोर दगड लागू नये म्हणून बारीक तारेची जाळी. शेवटी गाडी चालू केली आणि तेलाच्या टाकीचं झाकण उघडून आम्ही तिघं आत वाकून बघू लागलो. परत येणारं तेल तिथं एका तोटीतून पिचकारीसारखं पडतं. ते येईना. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मिस्त्री शांतपणे म्हणाले, नवीन घर आहे, सगळ्या खोल्या फिरून येईल. आणि मग तोटी एकदा थुंकली, दोनदा थुंकली, आणि धार लागली.

गरमी मोजायची युक्ती मात्र माझी. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांना आम्ही लाखेचं सील करतो. लाख किती तापली की मऊ पडते आणि किती तापली की वाहते, हे माझ्या बोटांना चटके खाऊन माहीत आहे. ताईच्या घरी पार्सलांच्या कृपेनं लाखेच्या कांड्या होत्याच. कूलर बसवायच्या आधी मी तेलाच्या टाकीवर लाखेचा एक ठिपका लावला होता आणि हे कामठीपर्यंत जाऊन आले होते. परत आले तेव्हा ठिपक्याचा ओघळ झाला होता. आता नवीन ठिपका लावला. मिस्त्रींनी युक्ती पाहिली आणि मला सलाम केला, फौजी पद्धतीचा. निघताना त्यांनी एकच गोष्ट बजावली. "जाळीपुढे काही बांधू नका, बाई. पिशवी नाही, फडकं नाही. वाऱ्याची वाट मोकळी ठेवा."

परीक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काटोलला गेलो. मला संत्र्याच्या बागा बघायच्या होत्या. डोळ्यांसमोर हिरवी झाडं आणि नारिंगी फळं होती, पुस्तकातल्या चित्रातल्यासारखी. प्रत्यक्षात रस्त्याकडेच्या बागांमध्ये पानं गळालेली, कोमेजलेली झाडं उभी. एका बागेच्या धुऱ्यावर (बांधावर) एक म्हातारे शेतकरी बसले होते. मी विचारलं, विहीर आटली का? ते म्हणाले, विहिरीला पाणी आहे, पण झाडाला ताण देतोय. मेमध्ये पाणी तोडायचं, झाडाला तहान लागू द्यायची, म्हणजे मृगाचा पाऊस पडल्यावर ते सगळ्या अंगानं फुलतं.

"मायेनं कोनी आत्ता पाणी पाजलं तं नुसती पानं फुटते," ते म्हणाले. "बहार गेला मंग. ज्याले समजत नाही त्यानं माया करू नाही, बाई."

हेही मी वहीत लिहून घेतलं. वीस वर्षं वर्गात 'काटोल, संत्री' असं शिकवणाऱ्या बाईला मेमध्ये संत्री नसतात हे माहीत नव्हतं. पण आता माहीत झालं होतं, आणि त्यासाठीच तर मला गाडी हवी होती. बागेतून निघताना मी लाखेच्या ठिपक्यावर नख रोवलं. भर अकराच्या उन्हात चाळीस मैल येऊनही लाख दगडासारखी. ह्यांनीही नख रोवून पाहिलं. चेहरा पाडून का होईना, त्यांनी मान हलवली.

इथंच मी थांबायला हवं होतं. पण जिंकत आलेल्या बाईला थांबता येत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी आणि ताई कूलरपुढे कैरीचं पन्हं पीत बसलो होतो. ताई म्हणाली, तुझ्या त्या मिस्त्रीनं अर्धंच काम केलं. माणसाचा कूलर खसाशिवाय चालतो का? मग गाडीचा कसा चालेल? पुरुषांना इंजिन कळतं, कूलर आपल्याला कळतो. मला मिस्त्रींची ताकीद आठवत होती. पण मिस्त्री म्हणाले होते पिशवी नको, फडकं नको. खसाचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. शिवाय कोरड्या वाऱ्यानंच लाख इतकी घट्ट राहते, तर ओल्या खसानं ती गोठेल. ह्यांना घरी पोचल्यावर सांगू, हा विचार करून मला आधीच हसू येत होतं. पहाटे हे अंघोळीला गेले तेव्हा ताईनं नव्या ताटीतला तुकडा कापला, आम्ही दोघींनी तो जाळीच्या मागच्या बाजूला सुतळीनं शिवला आणि तांब्याभर पाणी ओतलं. वाटेत ओलं करायला मी पाण्याची बाटली जवळ ठेवली. ताईनं डोळे पुसत निरोप दिला आणि वाटेसाठी पुडा दिला. मला रडू आलं नाही. मी खुशीत होते.

बुटीबोरीला चहाला थांबलो तेव्हा सूर्य नुकता वर आला होता. मी ठिपक्यावर नख मारलं, लाख काचेसारखी. मी ह्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आण्णांना पत्र टाकून ठेवायचं का?" हे साखळी तपासायला गाडीशी वाकले होते. बराच वेळ वाकले होते. उठले, हात पुसले आणि चहा प्यायले. मी दुकानामागं जाऊन हळूच बाटली भरून आणली, पण जाळीवर पाणी ओतायला एकान्त काही मिळाला नाही. म्हटलं, पुढच्या थांब्यावर.

सेलूच्या अलीकडे वारा सुटला. आज तो मागच्या वेळेपेक्षा लवकर आणि जोरात होता आणि काळ्या जमिनीची धूळ उडवत समोरून येत होता. मी डोक्यावरून पदर घट्ट बांधून बसले होते. अर्ध्या तासानं मला तो आवाज ऐकू आला, आखडल्यासारखा, जो आम्ही येताना ऐकला होता. या वेळी ह्यांचा हात आधीच क्लचवर होता. चाक घासायच्या आत गाडी रस्त्याच्या कडेला, एका कडुनिंबाखाली थांबली.

मी वाकून ठिपका बघितला. तो ओघळून टाकीच्या कडेपर्यंत आला होता.

मागून वर्ध्याकडे जाणारा रिकामा ट्रक आला आणि ड्रायव्हरनं आपणहून थांबवला. गाडी टाका मागं, वर्ध्याला सोडतो, म्हणाला. चांगला माणूस होता, खाली उतरून फळकाही काढू लागला. हे माझ्याकडे बघत उभे राहिले. एवढंच म्हणायचं होतं की चढवा, आणि पैज संपली असती. गाडीही संपली असती. सासऱ्यांची गाडी, माझी बेळगाव-धारवाड, माझी गोदावरी, सगळी आण्णांच्या वखारीत सुटी होऊन पडली असती. आणि दोष गाडीचा ठरला असता.

मी पुढे जाऊन जाळीत बोट घातलं. खस हाडासारखं वाळलं होतं आणि काळी माती त्यात अशी बसली होती की सारवलेली भिंतच. वाऱ्याला सुईएवढी वाट नव्हती.

"गाडीचा दोष नाही," मी म्हणाले. "जाळीमागं मी खस शिवलंय."

"माहीत आहे," हे म्हणाले.

मला वाटलं, ह्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हणाले, तर हे म्हणाले, "बुटीबोरीला पाहिलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

ह्यांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. "बोललो असतो तर पैज हरलो असतो."

लू चालूच होती. मला राग यायला हवा होता आणि तो आला, भरपूर आला. पण त्याच्याबरोबर असंही कळलं की माझ्या शिवलेल्या खसावर माझा जेवढा हक्क, तेवढाच ह्यांच्या गप्प राहण्यावर ह्यांचा. मी लपवून बांधलं, ह्यांनी बघून लपवलं. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना इतकं उघडं कधी पाहिलं नव्हतं, आणि तेही फळका हातात घेतलेल्या परक्या माणसासमोर. त्यानं आमच्या दोघांकडे नीट बघून घेतलं.

"मंग ट्रकात कोनाले चढवू?" तो म्हणाला. "गाडीले, का तुम्हाले?"

आधी हे हसले. मग मी. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ह्यांनी त्याला हात जोडले आणि सांगितलं की गाडी चालते. तो आम्हाला दोन कांदे देऊन गेला.

मग ह्यांनी चाकूनं सुतळी कापली. मी खस ओढून काढलं आणि पाकळ्यांमधली माती दात घासायच्या ब्रशनं काढत बसले, ह्यांच्याच ब्रशनं. काटोलचे ते म्हातारे माझ्या मनातून जाईनात. ज्याला समजत नाही त्यानं माया करू नये, हे मी वहीत लिहून तिसऱ्या दिवशी विसरले होते. ताईचा पुडा आम्ही तिथंच उघडला. मिरचीचं झणझणीत वाटण आणि भाकरी. नाकातोंडातून पाणी काढत आम्ही जेवलो आणि इंजिन निवायची वाट पाहिली. ह्यांनी सांगून टाकलं की पैज मोडली, दोघांचीही लबाडी झाली. मी विचारलं, मग गाडीचं काय? म्हणाले, घरी गेल्यावर बघू. निघताना टाकीवर नवा ठिपका लावला. या वेळी तो ह्यांनी लावला, आणि बोट भाजून घेतलं.

त्यानंतर सांगलीपर्यंत सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि प्रवासातली ती सगळ्यात मोठी गोष्ट असते. यवतमाळच्या घाटात, नांदेडच्या भर दुपारी, लातूरच्या खडबडीत रस्त्यावर तो ठिपका तसाच टणक राहिला. प्रत्येक थांब्यावर आधी हे नख मारायचे, मग मी. पैज नव्हती, तरी आम्ही दोघं एकाच गोष्टीची प्रार्थना करत होतो. निदान मी तरी करत होते. ह्यांच्या मनात काय आहे हे मला सोलापूरलाही कळलं नाही.

घरी पोचलो तेव्हा आण्णा ओट्यावर बसले होते. कुणीतरी त्यांना गाडी गल्लीत शिरल्याचं सांगितलं असणार. धुळीनं भरलेल्या अंगानं आम्ही उतरलो. माझ्या पायात गोळे आले होते, तरी मी आत गेले नाही. आण्णांनी गाडीभोवती फेरी मारली, पुढच्या चाकामागं वाकले आणि विचारलं, "हे काय लावून आणलंत?"

आणि ह्यांनी सांगायला सुरुवात केली. तेल कुठून जातं, कुठून येतं. कामावर जाणाऱ्याला का अडवायचं नाही. आण्णा म्हणाले, उन्हाळ्याचा वारा गरम असतो, त्यानं काय गार होणार? हे त्यांच्यावर जवळजवळ ओरडले, "अहो आण्णा, कढई चुलीवरून उतरवून अंगणात ठेवता की नाही?" जशी काही ती कढई आयुष्यभर ह्यांनीच उतरवली होती. मी ओट्याच्या खांबाला टेकून ऐकत होते. अर्धा तास झाला. चहा झाला. शेवटी आण्णांनी विचारलं, मग गाडी केव्हा नेऊ?

"हिला विचारा," हे म्हणाले. "पुढच्या मेमध्ये कुठं जायचं ते हिनं अजून ठरवलेलं नाही."

आण्णांनी मला काही विचारलं नाही. शहाणे गृहस्थ आहेत. जाताना ह्यांना मात्र विचारून गेले, की त्यांच्या वखारीतली ती पडलेली गाडी उभी केली, तर तिलाही असा एक बसवून मिळेल का.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मी फळ्यावर विदर्भ काढला, काटोलला ठिपका दिला आणि मुलींना सांगितलं की वैशाखात तिथं संत्री नसतात, झाडं तहानलेली असतात, आणि ती मुद्दाम तहानलेली ठेवतात. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, तुम्ही पाहिलंय?" मी हो म्हणाले.

गाडी दर रविवारी हे पुसतात. तेलाची टाकी माझ्याकडे असते. जाळीच्या डाव्या कोपऱ्यात, तारेच्या पिळात, खसाचा एक धागा अडकून राहिला आहे. चिमट्यानं सहज निघेल. पण तो मी काढत नाही, आणि हेही काढत नाहीत. गाडी धुतली की त्याला अजून वास येतो.